वेग-अंतराचं गणित अडलं की आधी काय तपासायचं

आधी माझी मुलगी, मग भाची, मग पुतण्या, मग पुतण्याचे दोन मित्र. तेरा ते सोळा वर्षांची ही मुलं माझ्यासमोर येऊन बसली ती एकाच तक्रारीपायी: "बाकी बीजगणित येतं, पण गाड्यांची गणितं आली की काही सुचतच नाही." मी शिक्षिका नाही. पण तोच बिघाड पाच वेळा उघडून पाहिला की कुठला स्क्रू आधी फिरवायचा हे हाताला कळायला लागतं.

मुलीच्या वेळी मी सगळ्यात महागड्या उपायापासून सुरुवात केली होती. रोज तासभर तिच्याशेजारी बसायचं आणि मीच गणितं सोडवून दाखवायची. ती मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी तेच गणित आकडे बदलून दिलं की पाटी कोरी. असे दोन महिने गेले आणि दोष निघाला तो मिनिटांचे तास करण्यात. म्हणून खालचा क्रम ठरवला आहे: दोन मिनिटांत होणाऱ्या तपासण्या आधी, वेळखाऊ नंतर. दोष सापडला की तिथेच थांबा. पुढच्या तपासण्या "जाता जाता" करू नका, मूल कंटाळतं.

लक्षणं

ही एकत्र दिसतात, पण प्रत्येकाचं मूळ वेगळं असू शकतं.

- गणित वाचून झाल्याबरोबर पेन्सिल चालायला लागते. दिसलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार किंवा भागाकार होतो, आणि मग तुमच्याकडे पाहून प्रश्न येतो: "बरोबर आहे?"
- "समजा क्ष" एवढं लिहून पेन्सिल थांबते. दहा मिनिटांनीही तेवढंच.
- समीकरण बरोबर मांडलेलं असतं, पण उत्तर थोडंसंच चुकतं. (हे दिसलं तर थेट तिसऱ्या तपासणीवर जा.)
- पायी चालणाऱ्या माणसाचा वेग ताशी ४५ किमी येतो आणि मुलाला त्यात काहीच खटकत नाही.
- वर्गात सोडवलेलं गणित येतं. त्याच गणितात गाडीची बोट केली की ओ की ठो कळत नाही.
- "सूत्र कुठलं लावू?" हा पहिला प्रश्न असतो. माझ्या अनुभवात हे सगळ्यात खात्रीचं लक्षण. सूत्र एकच आहे, अंतर = वेग × वेळ, आणि ते त्याला पाठ असतं. तो विचारतोय ते सूत्र नसतंच मुळी, सुरुवात कुठून करू हे असतं.

सगळ्या तपासण्यांना मी एकच गणित वापरते. दरवेळी नवं गणित दिलं तर दोष हलतोय की गणित बदलतंय ते कळत नाही. गणित असं:

एक सायकलस्वार सकाळी ७ वाजता ताशी १२ किमी वेगाने निघाला. त्याच ठिकाणाहून, त्याच रस्त्याने दुसरा सायकलस्वार ७ वाजून ४० मिनिटांनी ताशी १८ किमी वेगाने निघाला. दुसरा पहिल्याला किती वाजता गाठेल?

उत्तर ९ वाजता. मुलाला सांगू नका.

तपासणी १: नुसतं समीकरण देऊन पाहा (दोन मिनिटं)

गणित दाखवूच नका. कोऱ्या कागदावर एवढंच लिहा: १२(क्ष + २/३) = १८क्ष. म्हणा, "क्ष काढ." आणि गप्प बसा.

कंस सुटून १२क्ष + ८ = १८क्ष, मग ६क्ष = ८, क्ष = ४/३ असं आलं तर बीजगणित शाबूत आहे. घोडं पेंड खातंय ते त्याच्या आधी, भाषेतून समीकरणात येताना. मुलाला हे मोठ्यानं सांगा, कारण "मला बीजगणितच येत नाही" अशी त्याची समजूत झालेली असते आणि ती चुकीची ठरली की अर्धा ताण तिथेच उतरतो.

नाही आलं, तर २/३ च्या जागी २ घालून पुन्हा द्या. आता क्ष = ४ आलं तर भीती अपूर्णांकांची आहे. तेही नाही आलं, तर गाड्या, बोटी, सायकली सगळं आठवडाभर बाजूला ठेवा आणि नुसती कंस सोडवण्याची, पद या बाजूचं त्या बाजूला नेण्याची समीकरणं करून घ्या. ही तपासणी पहिली का, तर दिवा लागत नसेल तर आधी वीज आहे का ते पाहायचं असतं म्हणून.

पाचपैकी चार मुलं इथे पास झाली होती.

तपासणी २: आकडे झाकून गोष्ट सांगायला लावा (पाच मिनिटं)

गणित मोठ्यानं वाचायला सांगा. मग कागद उलटा करा आणि म्हणा, "एकही आकडा न वापरता सांग, काय चाललंय."

अपेक्षित उत्तर साधारण असं: एक जण आधी निघाला, तो हळू जातोय. दुसरा उशिरा निघाला, तो जोरात जातोय. जोरात जाणारा हळू जाणाऱ्याला गाठतो. माझ्या पुतण्यानं सांगितलं ते असं: "दोन सायकली आहेत. आणि चाळीस मिनिटं."

इथे मुलाची अक्कल काढू नका. आकडे दिसले की ते वापरायचेच असतात, ही सवय शाळेत फार लवकर लागते. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे १९८०च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? त्यांतल्या ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांतून वय काढून दाखवलं. पंधराव्या वर्षी सायकलींच्या गणितात १८ ला ४० ने गुणणारा मुलगा हा त्याच सवयीचा मोठा झालेला अवतार.

गोष्ट नीट सांगता आली की दोन प्रश्न विचारा. पहिला: "गाठलं त्या क्षणी जास्त अंतर कोण गेलेला असेल?" दुसरा: "त्या क्षणापर्यंत जास्त वेळ रस्त्यावर कोण होता?"

पहिल्या प्रश्नाला पुतण्या ठामपणे म्हणाला, "जोरात जाणारा." मी काही बोलले नाही. टेबलावरचं खोडरबर आणि शार्पनर त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, चालवून दाखव. त्यानं टेबलाच्या कडेपासून खोडरबर निघवलं, थोडं पुढे गेल्यावर शार्पनर सोडलं, जोरात आणलं आणि दोन्ही एकमेकांना टेकल्यावर हात थांबला. टेबलाच्या कडेपासून दोघं सारखेच लांब होते. "अरे, सारखंच की," असं तो माझ्याशी नाही, शार्पनरशी बोलला.

या गणितातलं समीकरण म्हणजे तेवढंच वाक्य आहे: दोघांचं अंतर सारखं. बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना काय ठेवायचं ते त्याला शार्पनरनं सांगितलं, मी नाही. म्हणून वस्तू हलवून पाहणं हे लहान मुलांचं काम समजू नका. उलट चित्र काढायला सांगितलं तर भाची गाडीला खिडक्या, चाकं, धूर काढत बसायची. चित्राऐवजी एक आडवी रेघ आणि तिच्यावर दोन बाण पुरतात.

गोष्ट सांगताच येत नसेल तर "आधी", "नंतर", "उशिरा", "लवकर", "पेक्षा ५ ने कमी", "च्या दुप्पट" या शब्दांपाशी बोट ठेवून एकेक विचारा. सहसा यांतलाच एखादा निसटलेला असतो.

तपासणी ३: एककं (पाच मिनिटं, आणि सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच)

विचारा: "४० मिनिटं म्हणजे किती तास?"

उत्तर ०.४० असं आलं तर पोस्टचा बाकीचा भाग आज वाचायची गरज नाही. घड्याळात ७:४० असं दिसतं, वहीत ७.४० असं लिहिलं जातं, आणि त्या टिंबाचा दशांशचिन्ह कधी झाला हे मुलाला कळतही नाही. तासाचे भाग साठ, दशांशचिन्हामागचे भाग शंभर. ४० मिनिटं म्हणजे ४०/६०, म्हणजे २/३ तास, म्हणजे ०.६६६…

ही चूक धोकादायक का, ते वरच्याच गणितात पाहा. १२(क्ष + ०.४०) = १८क्ष, यातून ६क्ष = ४.८, क्ष = ०.८ तास, म्हणजे ४८ मिनिटं, म्हणजे ८ वाजून २८ मिनिटं. उत्तर किती गोंडस आलं! कुणालाही शंका येणार नाही. पण पडताळा घ्या: ८:२८ पर्यंत पहिला ८८ मिनिटं चालवतोय, म्हणजे १७.६ किमी गेला. दुसरा ४८ मिनिटं, म्हणजे १४.४ किमी. दोघांत अजून तीन किलोमीटरच्या वर अंतर आहे. उत्तर "थोडंसं" चुकतं असं जे लक्षण वर लिहिलं ते हेच.

उपाय: वेगाच्या एककात "तास" असेल तर गणित वाचतानाच प्रत्येक मिनिटाच्या आकड्यावर त्याचा तासातला अपूर्णांक लिहून टाकायचा. दशांश नको, अपूर्णांकच. १५ मिनिटं १/४, २० मिनिटं १/३, ४० मिनिटं २/३, ४८ मिनिटं ४/५. अपूर्णांक पुढे छान कटतात, ०.६६ कटत नाही आणि उत्तर १.३२ असं काहीतरी विद्रूप येतं.

मीटर आणि सेकंदांसाठी ५/१८ ने गुणायचं की १८/५ ने, हा गोंधळ मी सूत्रानं सोडवायचं सोडून दिलं. एकच खुंटी ठोकते: ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ताशी ५४? तिप्पट, म्हणजे १५ मीटर. सेकंदाला २० मीटर? चौपट, म्हणजे ताशी ७२. किमी/तासातला आकडा नेहमी मोठा असतो, हे त्या खुंटीवरूनच कळतं.

आणि उत्तराला अक्कल लावण्यासाठी दोन आकडे डोक्यात असू द्यावेत. माणूस ताशी ५ किमीच्या आसपास चालतो. उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले, तो सरासरी वेग ताशी साडेसदतीस किलोमीटरच्या जरासा वर. तुमचा पादचारी ४५ ने जात असेल तर एकक तपासा.

तपासणी ४: आधी खोटं उत्तर धरा

इथून पुढे वेळ लागतो. ज्या मुलाची पेन्सिल "समजा क्ष" पाशी थांबते त्याच्यासाठी याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्ष लिहूच नका. म्हणा, "अंदाजानं सांग, दुसऱ्यानं किती वेळ सायकल चालवली असेल?" "एक तास." "बरं, एक तास धरू. खरं आहे का ते कसं पाहशील?"

आता तो आपोआप कामाला लागतो. दुसरा एक तासात १८ किमी. पहिला त्याच्या ४० मिनिटं आधी निघाला, म्हणजे तो १ + २/३ तास चालवतोय: १२ × ५/३ = २० किमी. १८ आणि २०. गाठलं नाही, २ किमी कमी पडले. मग दोन तास धरू: दुसरा ३६, पहिला १२ × ८/३ = ३२. आता दुसरा ४ किमी पुढे निघून गेला. म्हणजे उत्तर एक आणि दोन तासांच्या मधे कुठेतरी, आणि एकच्या जास्त जवळ.

या दोन्ही खटाटोपी एकाखाली एक लिहायला लावा:

१८ × १ आणि १२ × (१ + २/३)
१८ × २ आणि १२ × (२ + २/३)

मग विचारा, "दोन्ही ओळींत काय बदललं?" फक्त अंदाज बदलला. "त्या जागी क्ष लिही. आणि दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात ना? मग मधे बरोबरचं चिन्ह घाल."

१८ × क्ष = १२ × (क्ष + २/३). समीकरण त्यानं मांडलं, तुम्ही नाही. क्ष ही कुठून तरी पडलेली अक्षरदेवता नसून "जो आकडा मी अंदाजानं घालत होतो तो" हे एकदा कळलं की हात सुटतो. भाचीला हे असं तीनदा करावं लागलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "मावशी, अंदाज नको, मी डायरेक्ट क्ष घालते." ते वाक्य यायची वाट पाहा. तुम्ही घाई करून "आता क्ष घाल" म्हणालात तर पुन्हा मान डोलवणं सुरू होतं.

काहीजण म्हणतील की अंदाज-पडताळा ही बीजगणित टाळायची पळवाट आहे. मला तसं वाटत नाही. पडताळा कसा घ्यायचा हे ज्याला सांगता येतं त्याला समीकरण येतच असतं, फक्त आपण तेच लिहितोय हे त्याला माहीत नसतं.

तपासणी ५: क्ष म्हणजे नक्की काय?

"समजा क्ष = पहिला सायकलस्वार" असं लिहिलेलं दिसलं की थांबवा. माणूस क्ष नसतो. त्याचा वेग, त्याला लागलेला वेळ किंवा त्यानं कापलेलं अंतर क्ष असतं, आणि त्याला एकक असतं. "समजा, दुसऱ्या सायकलस्वाराला लागलेला वेळ क्ष तास." एवढं पूर्ण वाक्य लिहायची सक्ती मी करते, आणि याबाबतीत मी हट्टी आहे. वरच्या गणितात क्ष पहिल्याचा वेळ धरला की दुसऱ्याचा (क्ष − २/३) होतो. दोन्ही चालतं, पण अर्ध्या वाटेत मुलं विसरतात की धरलं कुणाचं, आणि क्ष = ४/३ हे ७ मध्ये मिळवून ८:२० उत्तर देतात. ४/३ तास ७:४० पासून मोजायचे आहेत.

याच जातीची दुसरी चूक उलटापालटीची. "गाडीचा वेग सायकलच्या तिप्पट आहे" याचं ३ग = स असं होतं, कारण शब्द ज्या क्रमानं आले त्या क्रमानं अक्षरं मांडली जातात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १९८०च्या आसपास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना "प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत" हे समीकरणात लिहायला सांगितलं, तेव्हा ३७ टक्के चुकले होते. इलाज एकच, आकडा घालून पाहा: सायकल १५, तर गाडी किती? ४५. मग ३ कुणाला लावला?

तपासणी ६: तक्ता आणि उरलेलं वाक्य

इथपर्यंत सगळं ठीक असूनही नवं गणित आलं की अडत असेल, तर आडव्या ओळीत दोन प्रवास आणि उभ्या स्तंभात वेग, वेळ, अंतर असा तक्ता करायला लावा. तक्ते बहुतेक शिक्षक शिकवतात. पण त्यातली खुबी सांगायची राहून जाते, ती ही: दोन स्तंभ गणितातल्या माहितीनं भरायचे, तिसरा स्वतः काढायचा, आणि समीकरण त्या वाक्यातून येतं जे तक्त्यात अजून वापरलेलंच नाही.

उदाहरण. ताशी ६० किमी वेगाने गेलं तर गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा १० मिनिटं उशिरा पोचते, ताशी ७५ ने गेलं तर १० मिनिटं लवकर. अंतर किती?

वेग ६० आणि ७५. अंतर दोन्हीकडे क्ष किमी, कारण रस्ता तोच. वेळ मग क्ष/६० आणि क्ष/७५. तक्ता भरला. न वापरलेलं वाक्य कुठलं? उशिरा आणि लवकरचं. पुतण्याच्या मित्रानं १० मधून १० वजा करून शून्य काढलं होतं. दहा मिनिटं उशिरा आणि दहा मिनिटं लवकर या दोन पोचण्यांत फरक वीस मिनिटांचा, म्हणजे १/३ तासाचा. क्ष/६० − क्ष/७५ = १/३, म्हणून क्ष = १००. पडताळा: १ तास ४० मिनिटं आणि १ तास २० मिनिटं. जमलं.

"सूत्र कुठलं लावू?" या प्रश्नाच्या जागी आता "सारखं काय आहे?" हा प्रश्न बसवायचा. पाठलाग असेल तर अंतर सारखं. जाऊन परत येणं असेल तरी अंतर सारखं. समोरासमोरून एकाच वेळी निघून भेटत असतील तर वेळ सारखा, आणि दोघांची अंतरं मिळून मधलं पूर्ण अंतर: २७० किमीवरून ५० आणि ४० च्या वेगानं आले तर ३ तासांनी भेट. समोरासमोर असतील तर मधल्या अंतराला वेगांच्या बेरजेनं भागा, एकाच दिशेनं असतील तर वजाबाकीनं, हे आर्यभटानं पाचव्या शतकाच्या अखेरीस आकाशातल्या ग्रहांसाठी सांगून ठेवलंय. आमच्या सायकलींनाही ते लागू पडतं: ४० मिनिटांत पहिला ८ किमी पुढे, वेगांतला फरक ६, म्हणून ८/६ म्हणजे ४/३ तास. पण ही युक्ती मुलाला समीकरण जमल्यावर दाखवा, आधी नाही.

बोटीच्या गणितात वेगळं काही नाही, फक्त प्रवाहाच्या दिशेनं वेग मिळवायचे आणि प्रवाहाविरुद्ध वजा करायचे. आगगाडी खांब ओलांडते तेव्हा अंतर कुठाय, असं मुलं विचारतात. गाडीची लांबी हेच अंतर. १५० मीटरची गाडी सेकंदाला १५ मीटरनं गेली तर खांबाला १० सेकंद. फलाट ३०० मीटरचा असेल तर ४५० मीटर, म्हणून ३० सेकंद. पट्टी आणि पेन घेऊन टेबलावर करून दाखवलं की विषय संपतो.

तपासणी ७: सरासरी वेग

हे स्वतंत्र कुलूप आहे, बाकी सगळं येणारी मुलंही इथे फसतात. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, सरासरी? सगळे ५० म्हणतात. अंतर १२० किमी धरा: जायला ३ तास, यायला २, एकूण २४० किमी ५ तासांत, म्हणजे ४८. हळू वेगानं आपण जास्त वेळ चालतो, म्हणून सरासरी तिकडे झुकते.

पटत नसेल तर हे कोडं घाला: १ किमी चढ गाडीनं ताशी १५ ने चढला, उताराचा १ किमी किती वेगानं उतरावा म्हणजे दोन्ही मिळून सरासरी ३० पडेल? ४५ म्हणतील. पण ताशी ३० ने २ किमीला ४ मिनिटं लागतात, आणि ती चारही मिनिटं चढावरच संपली आहेत. मॅक्स वर्दायमर या मानसशास्त्रज्ञानं हेच कोडं मैलांत आइनस्टाइनला पाठवलं होतं. उतरायला वेळच उरत नाही हे आकडेमोड केल्यावरच लक्षात आलं, असं आइनस्टाइननं कळवलं. ही हकीकत सांगितली की मुलं जरा सैलावतात.

तपासणी ८: वर्गसमीकरणाची गणितं

३६० किमीचा प्रवास, वेग ताशी १० ने कमी केला तर ३ तास जास्त लागतात. मूळ वेग किती? तो ताशी क्ष किमी धरा. ३६०/(क्ष − १०) − ३६०/क्ष = ३, सरळ करून क्ष² − १०क्ष − १२०० = ०, क्ष = ४० किंवा −३०. इथे दोष बहुधा छेद काढताना होतो: उजवीकडचा ३ गुणायचा राहतो. दुसरं म्हणजे −३० का सोडला ते मुलाला सांगता यायला हवं. "ऋण आहे म्हणून" हे अर्धं उत्तर. समीकरणाला तो चालतो, गोष्टीला चालत नाही.

कधी थांबायचं

त्या दिवसापुरतं थांबायची खूण सोपी आहे: पंचवीस मिनिटं झाली, किंवा एकाच ठिकाणी तिसऱ्यांदा चुकलं, किंवा तुमचा आवाज चढला. तिसरी खूण सगळ्यात आधी येते. त्याच्या हातातली पेन्सिल तुम्ही घेतलीत तर समजा की बैठक संपली. मी अजूनही हात मांडीखाली धरून बसते.

तीन-चार आठवडे, आठवड्यातून दोन-तीन बैठका करूनही पहिल्या तीन तपासण्यांतच अडत असेल तर गणिताच्या शिक्षकांकडे जा. मागची एखादी इयत्ताच कच्ची राहिली असेल तर ती कुठली, हे त्यांना पटकन कळतं. तुम्ही अंधारात चाचपडत राहाल.

फळ्यावरून उतरवताना आकडे बदलत असतील, ओळी सुटत असतील, डोकं दुखतं अशी तक्रार असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. हे सोपं आहे आणि तरी शेवटी सुचतं.

दुसऱ्या तपासणीत गोष्ट सांगता येत नाही आणि इतिहास-विज्ञानाचं वाचतानाही तेच होतंय, किंवा या वयातही घड्याळ वाचायला, दोन संख्यांतली मोठी कुठली ते ठरवायला, साधी बेरीज बोटांशिवाय करायला अडतंय, तर हा वेग-अंतराचा प्रश्न नाही. वाचनातली अडचण असू शकते किंवा डिस्कॅल्क्युलिया (संख्या आणि आकडेमोड समजण्यातली शिकण्याची अडचण) असू शकतो. तपासणी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी करायची असते. घरी चाचण्या घेऊन शिक्का मारू नका, आणि "आळशी आहे" हा शिक्का तर अजिबातच नको. गणिताच्या तासाआधी पोटात दुखणं, झोप उडणं, वही लपवणं असं दिसलं तर गणित तिथल्या तिथे बंद करून शाळेच्या समुपदेशकांशी बोला.

शिक्षकांकडे किंवा आणखी कुणाकडेही जाताना मुलाची वही न्या, पण सुबक करून लिहिलेली नको. चुकलेलं न खोडता त्यावर नुसती एक आडवी रेघ मारायला सांगा. आमच्याकडे ते ०.४० मी शोधलं नव्हतंच. माझी मुलगी सगळ्या चुका खोडरबरानं पुसून वही माझ्यापुढे ठेवायची. एकदा पेन्सिल सापडली नाही म्हणून तिनं एक गणित पेननं सोडवलं होतं, आणि तेवढ्या एका पानावर तिच्या बाईंनी बोट ठेवलं.